एकाच सीटवरून खरं दिसणारं शहर

प्रिय आत्या,

पण तो बॉल मी मुद्दाम ठेवून घेतला नव्हता, एवढंच मी म्हणत होते आणि तू फोन ठेवलास. 'पण'च्या पुढचं सगळं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं, आणि परत फोन करावा तर तुझी मॅच सुरू झालेली. (मॅच चालू असताना तू फोन घेत नाहीस आणि मॅच नसताना कालच्या मॅचबद्दल बोलतेस. मग माणसाने तुला काही सांगायचं कधी?) म्हणून पत्र. बाबा म्हणाले, मोठ्यांना लिहिताना आधी नमस्कार, मग तब्येत, मग आपलं रडगाणं, हा क्रम चुकवायचा नाही. तर नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढायला हो म्हटलं की तू न विचारताच चढायला लागलीस? आतोबा अजून तुझ्या मॅचच्या वेळी आतल्या खोलीत जाऊन झोपल्याचं नाटक करतात का? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. म्हणजे आईबाबा मजेत आहेत. माझं खाली लिहितेय.

मी त्या पाट्यांच्या वर्कशॉपमध्ये लागले खरी, पण अजून प्रोबेशनवरच आहे. आमच्याकडे प्रोबेशन म्हणजे रोज कामाला यायचं पण चहाचा स्वतःचा कप आणायचा नाही. (कप फक्त पक्की झालेली माणसं आणतात. शेल्फवर त्यांचे खिळे आहेत. मी कागदी पेल्यातून पिते आणि तो दुपारपर्यंत पुरवते.) काम म्हणशील तर दारांवरचे 'ओढा' आणि 'ढकला', दाताच्या डॉक्टरांची नावं, लिफ्टमधले मजल्यांचे आकडे, असलंच. मग टॉवरचं काम आलं. टॉवरची वरची गॅलरी नवी करत होते आणि त्यांना काचेखाली लावायला पितळेची एक लांबलचक पाटी हवी होती, तिच्यावर शहराची स्कायलाइन कोरलेली आणि प्रत्येक इमारतीखाली तिचं नाव. म्हणजे लोकांनी एकदा खाली बघायचं, एकदा बाहेर बघायचं, आणि बोट दाखवून आपल्या माणसांना सांगायचं. (स्कायलाइनला मराठीत काय म्हणतात ते मी बाबांना विचारलं. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, इमारती.) मालकांनी विचारलं, चित्र कोण काढेल, आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत मी हात वर केला. मालक म्हणाले, हे नीट जमलं तर कप घेऊन ये.

आता तू म्हणशील, टॉवरवरून दिसणारं चित्र टॉवरवर बसून काढायचं. मी गेले होते ना. पण रंगाऱ्यांनी सगळ्या काचांना जाड कागद चिकटवून ठेवला होता, गॅलरीत उभं राहिलं की भल्यामोठ्या खोक्यात उभं राहिल्यासारखं वाटत होतं. टॉवरचे मॅनेजर म्हणाले, आता काही दिसणार नाही, काम झाल्यावर या. हे त्यांनी लिफ्टच्या बाहेर पाऊल न टाकता सांगितलं. (त्यांना उंचीची भीती वाटते. बिचारे खाली तिकिटाच्या खिडकीत लागले होते, काम चोख, म्हणून साहेब लोक त्यांना बढती देत देत वर पाठवत गेले. आता त्यांचं टेबल लिफ्टला चिकटून आहे आणि खुर्चीची पाठ काचेकडे.) काम झाल्यावर म्हणजे पाटी द्यायची तारीख उलटून गेल्यावर. पण मला काही टेन्शन नव्हतं, कारण शहराची ती रेघ मला पाठ आहे, आणि ती पाठ झाली तुझ्यामुळे. लहानपणी तू मला स्टेडियमला न्यायचीस, सगळ्यात वरच्या रांगेत, तुझ्या त्या ठरलेल्या सीटवर. खाली काय चाललंय ते मला कधीच कळलं नाही. कोण जिंकतंय विचारलं तर तू म्हणायचीस, गप बस, अजून ठरायचंय. मग मी समोर बघायचे. समोरच्या स्टँडच्या डोक्यावरून सगळं शहर दिसतं, डावीकडे चिमणी, मग घड्याळाचा मनोरा, बरोबर मधोमध टॉवर, मग ती काचेची ऑफिसं आणि शेवटी पुलाचे दोन खांब. मी एकेकाचं नाव विचारायचे आणि तू मैदानावरची नजर न हलवता सांगायचीस. इतकं सगळं माहीत असलेली बाई आपल्या घरात आहे याचा मला तेव्हा फार अभिमान वाटायचा.

तर गुडघा दुखतोय म्हणून तू तुझा सीझन पास मला दिलास, तो घेऊन मी ड्रॉइंगचा बोर्ड मांडीवर घेऊन तुझ्या सीटवर जाऊन बसले. तुझ्या शेजारच्या सीटवर ते रिटायर्ड बसड्रायव्हर असतात ना, ते मला बघून आधी खूश झाले (तुझ्याऐवजी कुणीही चाललं असतं, असा एकंदर सूर होता), पण नंतर त्यांची कुरकुर सुरू झाली, कारण भारी टोला बसला की सगळे उभे राहायचे आणि माझा घड्याळाचा मनोरा झाकला जायचा, म्हणून मी त्यांना खाली बसायला सांगत होते. शिवाय वरच्या रांगेत वारा किती असतो ते तुला माहीत आहे. कागद फडफडत होता. एका कोपऱ्यावर मी पेन्सिलींचा डबा ठेवला, दुसऱ्यावर ठेवायला काही नव्हतं, आणि तेवढ्यात एक बॉल टप्पा खात येऊन माझ्या पायाशी थांबला. मला वाटलं, चला, सोय झाली. मी तो कागदावर ठेवला आणि कामाला लागले. आजूबाजूला शांतता पसरली ते मला जाणवलं, पण चित्र काढायला ते बरंच पडत होतं. खाली पंच दोन्ही हात कमरेवर ठेवून वर बघत होते, आणि ते माझ्याकडेच बघतायत हे मला ड्रायव्हर आजोबांनी कोपराने ढोसलं तेव्हा कळलं. तू ते टीव्हीवर लाइव्ह पाहिलंस आणि मैत्रिणींना 'ही माझी कुणी नाही' म्हणालीस, हे मला आतोबांनी सांगितलंय. मी मनावर घेतलेलं नाही. आई म्हणते, केस छान दिसत होते.

चित्र मात्र फर्स्ट क्लास झालं. मालकांनी बघितलं आणि म्हणाले, वा, हुबेहूब. कोरणारे दादा (त्यांना सगळे मिलिमीटर म्हणतात) यांनी रेघ न् रेघ भिंगाखाली तपासली आणि एकही वाकडी निघाली नाही. टॉवरच्या मॅनेजरांनी तर पाटी आल्याबरोबर पाठमोऱ्यानेच मान डोलावली. कुणालाच शंका आली नाही, कारण शहराचं हेच चित्र सगळ्यांनी जन्मभर बघितलंय, कॅलेंडरवर हेच, पाण्याच्या बिलावर हेच, बँकेच्या पिशवीवर हेच. सगळे फोटोवाले स्टेडियमवरूनच फोटो काढतात हे कुणाच्या डोक्यात येणार?

गॅलरी उघडली त्या दिवशी काचांवरचे कागद निघाले, लोक आले, आणि मालकांनी मला पाटीजवळ उभं केलं, माहिती द्यायला. पहिल्या पाहुण्या म्हणजे मॅनेजरांच्या सासूबाई. बारीक चणीच्या, हातात पर्स, आणि प्रत्येक गोष्ट बोट लावून बघणाऱ्या. त्यांनी पाटीवर अगदी मधोमध बोट ठेवलं आणि विचारलं, हे सगळ्यात उंच काय आहे? मी मोठ्या उत्साहाने सांगितलं की हाच तो आपला टॉवर. त्यांनी बाहेर बघितलं. मग पाटीकडे बघितलं. मग चष्मा पुसून परत बाहेर बघितलं.

"बाहेर तर दिसत नाहीये मला," त्या म्हणाल्या.

"कसा दिसेल, आजी? आपण त्याच्यातच उभे आहोत ना."

हे बोलून झाल्यावर माझ्या कानांना ते ऐकू आलं. सासूबाई मात्र शांत होत्या. त्यांनी काचेतून खाली, बरोब्बर समोर दिसणाऱ्या त्या भल्यामोठ्या गोल स्टेडियमकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "आणि ते एवढं मोठं दिसतंय, ते ह्यात कुठाय?"

ते ह्यात कुठेच नव्हतं, आत्या. मी त्याच्यात बसले होते. मग एकेक उलगडत गेलं. चिमणी पाटीवर डावीकडे आणि बाहेर उजवीकडे. पुलाचे खांब कुठे दिसतायत म्हणून सगळे शोधायला लागले, तर ते पार मागे, लिफ्टच्या बाजूला. दिसत होतं ते पाटीवर नव्हतं आणि पाटीवर होतं ते दिसत नव्हतं. सासूबाईंनी जावयांना हाक मारली, जरा इकडे ये बघू. सासूची हाक, नाही कसं म्हणणार? ते आले, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या काचेतून खाली बघितलं आणि सावकाश जमिनीवर बसले. त्यांना लिफ्टपर्यंत परत न्यायला दोघं लागले. मला वाईट वाटलं. तरीही माहिती द्यायचं काम मी चालू ठेवलं, पण कुणी विचारत नव्हतं.

वर्कशॉपमध्ये मग बरीच चर्चा झाली. मिलिमीटर म्हणाले, पाटी उलटी करून मागच्या बाजूने कोरू, पण मागे पाटी बसवायच्या बिजागऱ्या वेल्ड केलेल्या आहेत. मालक म्हणाले, टॉवरच्या चित्रावर 'दुरुस्ती चालू' अशी छोटी पाटी ठोकू, म्हणजे कुणी शोधणार नाही. मी सुचवलं की लोकांना पाठमोरं उभं करून हातात आरसा द्यावा. शेवटी टॉवरवाल्यांनी कळवलं की शुक्रवारपर्यंत तुमचं पितळ घेऊन जा. पितळेवर कोरलेलं पुसता येत नाही. मालक ओरडले नाहीत, ते कधीच ओरडत नाहीत, त्यामुळे जास्त टोचतं. ते एवढंच म्हणाले, "जिथून हे खरं दिसतं अशी जागा शुक्रवारपर्यंत शोध. सापडली तर सोमवारी कप घेऊन ये. नाही सापडली तर पाटी घरी घेऊन जा आणि तूही घरीच राहा."

अशी जागा जगात एकच आहे, आणि ती कुठली ते तुला वेगळं सांगायला नको. पण मी तुला कसलंही टेन्शन द्यायला लिहीत नाहीये. फक्त बॉलचा गैरसमज दूर व्हावा म्हणून हे पत्र. गुडघ्याला जप. आतोबांना नमस्कार सांग, आणि ते खरंच झोपले असतील तर उठवू नकोस.

तुझी (टीव्हीवर असले तरी तुझीच)
भाची

ता. क. स्टेडियमच्या ऑफिसातल्या बाईंना मी काल भेटले. त्या म्हणाल्या, कल्पना छान आहे, वरच्या रांगेच्या कठड्यावर पाटी बसवायला आमची काही हरकत नाही, ज्यांची सीट आहे त्यांची लेखी संमती आणा. कागद सोबत जोडलाय. सही कुठे करायची तिथे मी पेन्सिलीने बारीक फुली केली आहे. पत्र मिळताच टपालात टाकलास तर गुरुवारी मिळेल.

ता. क. दोन. त्या बाईंनी पाटी वाचली तेव्हा कळलं की ती चिमणी साबणाच्या कारखान्याची नाही, हॉस्पिटलच्या लाँड्रीची आहे. घड्याळाचा मनोराही पोस्टाचा नाही. आत्या, तू लहानपणी मला सगळी नावं मनानेच सांगत होतीस का? असू दे. नावं बदलता येत नाहीत, म्हणून पाटीच्या खाली 'माहिती : ' लिहून तुझं पूर्ण नाव कोरायला मी मिलिमीटरना सांगितलंय. कुणी विचारलं तर तू तिथे असशीलच.

ता. क. तीन. एक बारीकशी गोष्ट राहिली. कठडा बुटका आहे आणि पाटी रुंद आहे, त्यामुळे ती वाचता यावी म्हणून जरा उभी बसवावी लागेल. मी पुठ्ठा लावून बघितलं. तुझ्या सीटवरून शहर संपूर्ण दिसतं, चिमणीपासून पुलापर्यंत, रेघेला रेघ जुळते, अंगावर काटा येतो. मैदान मात्र दिसत नाही. म्हणजे डावीकडचा एक कोपरा दिसतो, जिथे पाणी द्यायला माणूस बसतो. ड्रायव्हर आजोबा म्हणाले, मॅचमध्ये काय चाललंय ते मी तुझ्या आत्यांना तोंडी सांगत जाईन. तुमचं दोघांचं बोलणं बंद आहे हे मला माहीत आहे, पण बोलणार ते आहेत, तुला फक्त ऐकायचंय. तू मोकळेपणाने सांग, इतकी वर्षं तू सगळ्या मॅचेस बघितल्यास, आता मॅच दिसायलाच हवी असं तुला खरंच वाटतं का?