बेडकाच्या गालावरचा दिवा

८ एप्रिल, सकाळी
आजपासून राग बंद. कायमचा.

कारण असं. मुलीने लग्न ठरवलंय. मुलगी दातांची डॉक्टर, आणि पसंत कुणाला केलं, तर लोकांना समुद्रात बुड्या मारायला शिकवणाऱ्या इन्स्ट्रक्टरला. अंगात काळा रबरी सूट, पायात सुपाएवढे फिन्स. मी त्याचं नाव बेडूक ठेवलंय. रविवारी बेडूक आम्हाला बोटीतून प्रवाळ बघायला नेणार. त्या दिवशी मी एकाही माणसावर हात उचलला नाही, तर लग्नाला यायचं. उचलला, तर लग्न माझ्याशिवाय. ही मुलीची अट. आमच्या हिने मान डोलावली. एरवी ही माझ्यासमोर मानसुद्धा हलवत नाही.

सरळसरळ अपमान आहे. मी पीटीचा मास्तर. उभा जन्म पोरांना बडवलं, पण मारलं कुणालाही नाही. शिस्त वेगळी, मारणं वेगळं. या दोघींना कोण सांगणार?

८ एप्रिल, दुपारी
गीझर फोडला. पाणी कोमट देत होता, वर गुरगुरत होता. अट माणसांपुरती आहे. गीझर माणूस नाही.

९ एप्रिल
रविवारच्या तयारीसाठी स्विमिंग पूलवर गेलो. श्वासाचा सराव. एक ढोल्या सारखा माझ्या अंगावर येत होता. दोनदा सॉरी म्हणाला. तिसऱ्यांदा मीच त्याचं डोकं पाण्याखाली धरलं. जरासंच. मॅनेजरने कार्ड काढून घेतलं आणि पुन्हा इकडे फिरकू नका म्हणाला.
सराव अटीत धरत नाहीत.

११ एप्रिल, संध्याकाळी
उद्याचा प्लॅन पक्का. पाण्याखाली बोलता येत नाही, तेव्हा भांडणाचा प्रश्नच नाही. मी शांतपणे बेडकापेक्षा खोल जाणार. बेडूक मागे पडणार. मुलगी बघणार आणि मनात म्हणणार, बाप तो बापच.

ही म्हणाली, पाण्यात बोटं सुजतात, अंगठी काढून ठेवा. रिटायर झालो तेव्हा शाळेने दिलेली अंगठी. चांदीची, चौकोनी, वर शाळेच्या चिन्हातला दिवा उठावदार कोरलेला. ती काढायची? ओरडलो. ओरडणं म्हणजे हात उचलणं नव्हे. शिवाय ती आता निघतही नाही.

१२ एप्रिल, सकाळी, धक्क्यावर
व्हॅनवाल्याने रिव्हर्स घेताना आमच्या गाडीला घासलं. तळपायाची आग मस्तकात गेली, पण अट आठवली. त्याच्या दाराला लाथ घातली. दार आत गेलं. हात खिशात होते, हे मुलीने स्वतः पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले. समाधानाने असावं.

१२ एप्रिल, बोटीवर
बेडूक सूचना देतोय. प्रवाळ जिवंत असतो, त्याला हात लावू नका, पाय लावू नका. खाली वाळूत एका जाड ओठांच्या मासोळीने अंडी घातली आहेत, ती घरट्याची राखण करते, चावते. अंगावर आली तर समोर उभं राहू नका, बाजूने निघून जा. पुढचं ऐकलं नाही, कारण तेव्हा बेडकाचा हात माझ्या मुलीच्या खांद्यावर होता.
माशाला पाठ दाखवायची? मी?

आधी स्नॉर्केलिंग झालं, म्हणजे तोंडात नळी धरून वरवर पोहणं. कुणाचा तरी फिन माझ्या मास्कवर बसला. त्याचा घोटा धरला आणि पिरगाळला. मैत्रीत. तो ओरडला, पण नळीतून काही कळलं नाही.
अजून तरी रेकॉर्ड स्वच्छ आहे.

१२ एप्रिल, रात्री, दवाखान्यात
डाव्या हाताने लिहितोय.

जे झालं ते असं. मी आणि बेडूक पाठीवर हवेच्या टाक्या बांधून खाली उतरलो. मुलगी आणि ही बोटीच्या पलीकडे वरवर पोहत होत्या. मासोळी आली आणि सरळ पोटरीला चावली. बेडूक हाताने बाजूला चल, बाजूला चल करत होता. मी वळलो आणि तिच्या मुस्काटात भडकावली. पाण्यात हात चिखलातून जावा तसा जड जातो. ती सटकली, मी प्रवाळावर आपटलो. नडगी सोलवटली. तिथे खाली रक्त हिरवं दिसतं. ती पुन्हा आली आणि कानाला चावली. मी लाथा घातल्या. प्रवाळाची एक फांदी तुटली. तोंडातली नळी सुटली. घाबरलो नव्हतो. फक्त श्वास येत नव्हता.

बेडकाने मागून धरलं, स्वतःच्या टाकीची दुसरी नळी माझ्या तोंडात कोंबली आणि वर आणलं. पाण्यावर आल्यावर माझी हनुवटी वर धरून ठेवली. मला वाटलं गळा दाबतोय. एक ठोसा त्याच्या गालावर बसला. दुसरा त्याच्या टाकीवर बसला आणि माझं हाड मोडलं. तरी त्याने मला सोडलं नाही.

बोटीत मुलीने त्याला विचारलं, काय झालं. बेडूक रक्त थुंकला आणि म्हणाला, मासा धडकला. मला हा पोरगा पहिल्यांदाच आवडला. मीही म्हणालो, हो, मासाच, एवढा मोठा, आणि हाताने दाखवला.

नको तो हात पुढे गेला, अंगठीचा. मुलीने तो धरला. मग बेडकाची हनुवटी पेशंटची धरते तशी धरून उन्हाकडे वळवली. गालावर लालभडक चौकोन. चौकोनात दिवा. दिव्याची ज्योतसुद्धा.
"बाबा," ती म्हणाली, "माशाला अंगठी नसते."


तांत्रिकदृष्ट्या मी हात उचललेला नाही. पाण्यात हात आपोआप वर येतो. हे उद्या तिला समजावून सांगणार.

१५ एप्रिल
समजावलं. फोनवर. तिने ऐकून घेतलं आणि ठेवला. बेडकाने माझी रदबदली केली, असं ही म्हणते. उपयोग झाला नाही. बोट सुजल्यामुळे दवाखान्यात अंगठी कापावी लागली. फोन भिंतीवर आपटणार होतो, पण डाव्या हाताचा नेम नाही.

१९ एप्रिल, सकाळी
आज लग्न. प्लास्टरमुळे मी जात नाहीये. माझा स्वतःचा निर्णय. तरी सूट घालून बघितला, उजवी बाही कापून. ही निघताना दारात थांबली, माझा टाय सरळ केला आणि गेली. दार हळूच लावलं. आपटायचं तरी.

घरात आता रागवायलाही कुणी नाही. पोरगी लहान होती तेव्हा माझा आवाज चढला की पलंगाखाली जायची. मला वाटायचं, लपाछपी खेळते. आज उगाच पलंगाखाली वाकून बघितलं.

एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात आली नसणार. बेडकाच्या गालावर अजून माझा दिवा आहे. आठवड्यात एवढा वळ जात नाही. म्हणजे लग्नाच्या प्रत्येक फोटोत मी असणार. अगदी मुलीच्या शेजारी.

१९ एप्रिल, संध्याकाळी
ही परत आली. मोबाइलवर फोटो दाखवले. पोरगी फार सुंदर दिसत होती. मी जावयाचा गाल मोठा करून पाहिला. एकेका फोटोत पाहिला.
मेकअपवालीने काम चोख केलंय. काही दिसत नाही.