पाचवं गिऱ्हाईक

४ ऑगस्ट

ठरलं! आज जेवताना हिने निकालच लावला. ऑक्टोबरअखेर दुकानाचा करार संपतोय. तोवर नेटवरून पाच नवी गिऱ्हाइकं आली तर दुकान राहील. नाही आली तर कुलूप लावायचं आणि मुलाकडे राहायला जायचं. "आणि ओळखीपाळखीचं एकही चालणार नाही हं," असंही वर. एकतीस वर्षं लोकांची शिलाई मशीनं दुरुस्त केली, आता या वयात परीक्षा! मी म्हटलं, मंजूर. म्हणायला काय जातं?

मुलीने गेल्या वर्षी दुकानाचं एक पान नेटवर टाकून दिलंय. पण ते कुणाला दिसतच नाही म्हणे. त्यासाठी एसईओ करावं लागतं. ते काय असतं, विचारलं. "बाबा, लोक शोधतील तेव्हा तुम्ही सापडायला हवं. बास." एवढंच? मग सोपं आहे.

६ ऑगस्ट

सोपं नाही.

९ ऑगस्ट

मुलाने त्याचा जुना लॅपटॉप पाठवला. घरात तो ठेवायला धड जागा नाही. शेवटी आतल्या खोलीत हिचं स्वतःचं मशीन झाकून ठेवलंय, त्यावर ठेवला. ते बंद आहे, कधीपासून देव जाणे. एकदा बघायला हवं. ही म्हणाली, "ठेवा, ठेवा. तेवढाच त्याचा उपयोग."

तीन व्हिडिओ पाहिले. तिघांचं एकमेकांशी पटत नाही. एक म्हणाला, महत्त्वाचा शब्द पानावर भरपूर वेळा आला पाहिजे. हे मात्र डोक्यात शिरलं. "शिलाई यंत्र दुरुस्ती" बेचाळीस वेळा घातलं आणि हिला वाचायला दिलं. हिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, मग माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तर नाहीये," म्हणाली.

२० ऑगस्ट

पहिला नंबर!!! रोज सकाळी दुकान उघडलं की मी स्वतः शोधून बघतो आणि आपलं पान उघडतो. आज सगळ्यात वर मीच! शेजारच्या टेलरला सांगितलं, चावीवाल्याला सांगितलं, पोस्टमनलाही थांबवून दाखवलं. दोन महिने बाकी ठेवून काम फत्ते.

२१ ऑगस्ट

पचका. मुलीने तिच्या फोनवर शोधलं, तर मी पाचव्या पानावर! म्हणे, "बाबा, तुम्ही रोज स्वतःलाच शोधताय आणि स्वतःवरच बोट दाबताय. तुमच्या फोनला तुमची आवड कळलीय. इतरांना असं दिसत नाही." म्हणजे बारा दिवस मी माझीच पाठ थोपटत होतो! खासगी विंडो उघडून बघायचं असतं, हे आता कळलं. टेलरला काही बोललो नाही. पोस्टमन भेटला तर बघू.

२ सप्टेंबर

मुलीने सर्च कन्सोल नावाचं फुकट साधन जोडून दिलं. भारी प्रकार आहे. लोकांनी काय शब्द टाकले, त्यात आपण किती वेळा दिसलो, किती जण आत आले, सगळं दाखवतं. मी दिसलो दोनशे सतरा वेळा, आत आले चार. आणि "शिलाई यंत्र दुरुस्ती" असं शोधणारे महिन्यात दोघं. त्यातला एक मी.

दुसरं साधन तर डोळ्यांसमोरच होतं. शोधायच्या खिडकीत अर्धं वाक्य टाकायचं आणि थांबायचं. लोक जे विचारतात ते ती स्वतःच पुढे करते. "मशीन टा" एवढंच टाकलं, तर खाली "मशीन टाके सोडतं". अहो, हे तर गिऱ्हाईक बोलतं तसंच!

३ सप्टेंबर

रात्रभर डोक्यात तेच. सकाळी दुकानातल्या तक्रारवह्या घरी आणल्या. अकरा वह्या. माझा पहिल्या दिवसापासूनचा नियम आहे. गिऱ्हाईक जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, आपली अक्कल नंतर. "खालून धाग्याचा गुंता होतो." "सुई कापड खाते." "मशीन कण्हतं." ही वाचत बसली आणि हसून हसून डोळे पुसायला लागली. मग म्हणाली, "यात यंत्र म्हणणारा एकतरी आहे का हो?"

एकही नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा! ते बेचाळीस शब्द पुसून टाकले. आता एकेका तक्रारीला एकेक पान. मथळा गिऱ्हाइकाचा, खाली घरच्या घरी करण्याजोगा उपाय, आणि शेवटी: "एवढं करूनही जमलं नाही, तर मशीन दुकानात घेऊन या."

टेलर म्हणतो, "सगळं फुकट सांगितलंस तर झक मारायला कोण येईल?" बोलतो वाकडं, पण मुद्दा आहे. तरी लिहिणार.

१९ सप्टेंबर

आलं! पहिलं गिऱ्हाईक! शाळेतल्या बाई आहेत. "टाके सोडतं" वाचून आल्या. सुई उलटी लावली होती, दोन मिनिटांचं काम. पण आल्या ना! घरी सांगितलं. ही म्हणाली, "एक." बास, एवढंच.

२८ सप्टेंबर

दोन आणि तीन. दोघी बहिणी, एकाच दिवशी. ही म्हणाली, "दोघींचं मशीन एकच असेल तर एकच धरणार." दोन होती! मी फोटो काढून आणले होते. तिच्याशी संसार केलाय, उगाच नाही.

९ ऑक्टोबर

पानाच्या तळाशी प्रश्न विचारायची सोय केली होती. आज प्रश्न आला, नाव नाही. "जुनं मशीन आहे. नऊ वर्षं झाकून ठेवलंय. चाक हलत नाही. चालू होईल का?"

वाचून डोकंच फिरलं. नऊ वर्षं! कोण गलथान माणसं असतात ही! घरात एवढी चांगली वस्तू, आणि एकालाही वाटत नाही की बघावं? हिला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. "असतात काही माणसं," म्हणाली.

११ ऑक्टोबर

त्या प्रश्नाचं पान दोन दिवस बसून लिहिलं. तेल सुकून घट्ट झालंय, दुसरं काही नाही. जोडाजोडात रॉकेल सोडायचं, रात्रभर ठेवायचं, चाक हळूहळू पुढेमागे करायचं. जबरदस्ती करायची नाही. आजवरचं सगळ्यात चांगलं पान झालंय, मीच सांगतो.

ही विचारते, "जोडाजोडात म्हणजे नेमकं कुठे? किती थेंब? असं मोघम लिहिलंत तर कुणाला कळणार?" बरोबर आहे. बाण काढून फोटो टाकले. आजकाल माझ्या कामात लक्ष घालते, बरं वाटतं.

१८ ऑक्टोबर

चार! मशीन कण्हणारा माणूस. म्हणजे मशीन कण्हत होतं. माणूस ठणठणीत होता.

२५ ऑक्टोबर

लॅपटॉप जेवायच्या टेबलावर सापडला. विचारलं तर ही म्हणाली, "आतली खोली झाडायला काढलीय." घरात रॉकेलचा वास. झाडायला रॉकेल कशाला लागतं, हे विचारायची सोय नाही.

मुलीच्या फोनवर "मशीन टाके सोडतं"ला मी पहिला. खासगी विंडोत! खरोखरचा पहिला. दिवसाला साठ-सत्तर माणसं वाचतात. पण कुठली कुठली! "तुमचं वाचून घरीच जमलं, आभारी आहोत," असं लिहितात. आनंद होतो आणि रडूही येतं. टेलरचंच खरं ठरणार बहुतेक.

३० ऑक्टोबर

चारच. दिवसभर दाराकडे बघत बसलो. संध्याकाळी पेचकस एका डब्यात, सुया एका डब्यात भरायला घेतल्या. एकतीस वर्षं याच स्टुलावर बसलोय, दुसरीकडे बसायचं कसं तेच मला ठाऊक नाही. मुलाला फोन करायचा होता, उद्यावर ढकलला.

३१ ऑक्टोबर

अकराला दारात गाडी थांबली. ही उतरली. चादरीत गुंडाळलेलं मशीनचं डोकं काउंटरवर ठेवलं, धापा टाकत. "नेटवर वाचून आलेय. रॉकेल सोडलं, चाक फिरतं आता. पण टाके सोडतं. घरी जमलं नाही तर दुकानात आणा, असं लिहिलंय तुम्ही."

तो गलथान माणूस मीच! म्हटलं, अगं, पण ओळखीचं चालत नाही ना?

"नऊ वर्षांत ओळख दाखवलीत?" स्टूल ओढून बसली. "दुकान ठेवा. पण आधी महिनाभर मुलाकडे जायचं. आणि हे आज करून द्या."

वही उघडली. गिऱ्हाईक पाचवं. तक्रार काय, विचारलं. तिने सांगितली, तिच्याच शब्दांत लिहून घेतली: "कधीची सांगतेय, घरात कुणी ऐकतच नाही."