उजवा कौल

प्रिय गौरेश,

फुटबॉल क्लबाला आपल्या शेतात नवं स्टेडियम हवं की नको, यावरून लाटंबार्शात वर्षभर भांडणं झाली. अर्धे म्हणत, कापणी झाली की नेहमीसारखं शेतातच खेळूया. शेवटी देवळात कौल लावला. देवाला लावलेली उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार. 'देव पावला!' म्हणून आधी मीच ओरडलो.

आज आपल्या शेतात जेसीबी फिरला. ज्या मेरेवर, बांधावर, उभे राहून बाबा तुला 'पुढे सर रे!' म्हणून ओरडत, ती मेर गेली.

तू बोटीवर नोकरीला. फोनवर म्हणालास, "देवानंच कौल दिला, मग झालं." देवापुढे तू दुसरं काय बोलणार? हे पत्र टाकायचा धीर नाही.

अर्धं शेत तुझं. आम्ही देवाला विचारलं, गौरेश. तुला विचारायचं मलाही सुचलं नाही.

तुझा,
पांडूदादा