राजमातेचं तोंड धुवायचं पाणी

नववा महिना, दिवस दुसरा
पोहोचलो एकदाचा! नऊ दिवस चालून पाय सुजलेत, पण जागा झकास. राजमातेला जाऊन चार वर्षं झाली, तरी थडग्यापुढच्या महालात तिची सेवा जिवंतपणीसारखीच चालते. इथली जुनी दासी लू मावशी रोज सकाळी अंथरूण झटकते, ताट मांडते. मी तोंड धुवायला कोमट पाणी पडद्याआड ठेवायचं, दुपारी उचलायचं. वेठीचे शंभर दिवस भरले की सुटका. गावी आई एकटी आहे. मुकादम फांगदादा म्हणाला, मजा कर लेका, इथली मालकीण ओरडत नाही.

दिवस सहावा
राजमातेनं तीस वर्षं पडद्यामागूनच राज्य हाकलं म्हणे. पुढं बसायचा सम्राट, बोलायची ती. माणसं तिला आवाजावरनं कळायची. मावशीनं बजावलं, आत चकार शब्द काढायचा नाही, समजलं का रे मुडद्या?

दिवस अकरावा
चुकलं. आमच्या गावात थोरांच्या खोलीत शिरताना नाव सांगतात, नाही सांगितलं तर चोर. आज सवयीनं बोलून गेलो, च्यू शान आलोय, पाणी आणलंय. मावशीनं माझं तोंड दाबलं.

दिवस बारावा
दुपारी पाणी गढूळ. वर पांढरी भुकटी तरंगत होती, बायका तोंडाला लावतात तसली. फांगदादा म्हणाला, ओत झाडाखाली. ओतलं.

दिवस पंधरावा
पडद्याआडून हुकूम सुटला. मी सोडून सगळ्यांनी ऐकला. च्यू शानला सांगा, पाणी जरा ऊन आण.

दिवस सतरावा
फांगदादानं हजेरीतून माझं नाव खोडलं. माझ्या शंभर दिवसांचं काय, विचारलं. म्हणाला, दिवस आमच्या माणसांचे मोजतो, तू नाव सांगितलंस, तू आता तिच्या माणसांत. राग यायला हवा होता. आला नाही. भात खाल्ला.

दिवस अठरावा
पळालो. वेशीपर्यंतच. पहारेकऱ्याला हाक मारली, त्यानं वळूनही पाहिलं नाही. मावशीही बघत नाही. चुलीपाशी माझी वाटी नाही. ती आत मांडलीय, राजमातेच्या ताटाशेजारी.

दिवस विसावा असेल
आतच असतो. भूक नाही. वाटी तशीच. पाणी आता दुसराच कुणी आणतो. माझ्यातून चालत जातो —

आज मलाही ऐकू आलं. आवाज मऊ आहे. घरी कोण कोण, विचारते. मी गप्प. पुन्हा विचारते. गप्प —

तिचा हुकूम सम्राटांनाही मोडता येत नव्हता —

तोंड आपोआप उघडतंय. नाही सांगणार. नाही. आईचं नाव —