लाभ, दोन, तीन

३ जानेवारी
सासूबाई आज ‘एक’ म्हणाल्या!
नीट ऐकलं मी. सकाळी, सिल्वासाच्या आमच्या पहिल्या दुकानात, मापट्याने बाजरी मापताना. खानदेशात खळ्यावर पहिलं माप ‘लाभ’, मग दोन, तीन. पंचवीस वर्षांत त्यांच्या तोंडून ‘एक’ कुणी ऐकलं नाही. त्यावरूनच तर पाचही दुकानांचं नाव ‘लाभ किराणा’. गुजराती गिऱ्हाइकांना वाटतं, शुभ-लाभातला लाभ.
चुकून म्हणाल्या असतील. वय झालं.

४ जानेवारी
आज पण ‘एक’.

६ जानेवारी
माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी ‘किसणी’ हा शब्द हरवला — हसलो आम्ही! दोन वर्षांनी मलाच विचारायची, “बाई, तुम्ही कोणाकडच्या?” पुन्हा ते नको. देवा, नको!
नवनाथला सांगायची हिंमत नाही. आईशिवाय त्याचं पान हलत नाही. नवऱ्यापासून मी आजवर काही लपवलं नव्हतं. आता जेवताना त्याच्याकडे बघवत नाही. तोही बघत नाही, बरंच आहे.

८ जानेवारी
युक्ती सुचली. दुकानाच्या पंचविशीची पुस्तिका लिहायचं माझ्याकडेच आहे. इतिहास विचारायच्या निमित्ताने परीक्षा घेतली.
सगळं घडाघडा सांगितलं! सासरे, सुकदेव, धाग्याच्या कंपनीत होते. चाळीत सगळे खानदेशी कामगार, आणि भाकरीला धड पीठ मिळेना. मग सासूबाई माहेराहून एसटीच्या टपावर बाजरीचं पोतं टाकून आल्या, नि दारात मापटं घेऊन बसल्या. पुढे नरोली, खानवेल, सुरंगी, शेवटी दादरा. दादर ज्वारीची पोती तिकडे निघाली तेव्हा सासरे म्हणाले होते, “दादर चालनी दादराले!” हे सांगताना सासूबाई पोट धरून हसल्या. प्रत्येक नव्या दुकानात पहिली पाच मापं त्यांच्या हातची.
नरोलीचं साल मी मुद्दाम चुकवलं. “नही वं, तवय नवनाथ दहावीमा व्हता!” मलाच झापलं.
पण आईचेही जुने दिवस शेवटपर्यंत पक्के होते. जातं ते आजचं. म्हणून तर जास्त भीती वाटते.

११ जानेवारी
दुकानात दोन माणसं टेप लावून भिंती मापत होती. नवनाथ म्हणाला, “नवीन रॅकवाले.” असतील. माझं लक्ष सासूबाईंकडे. मापटं पदराने पुसलं, पिशवीत घातलं, घरी आणलं! दुकानातलं मापटं! विचारलं तर नुसतं, “राहू दे.”

१५ जानेवारी
संक्रांत. घरी लाडवाचे तीळ त्याच मापट्याने मापले, आणि म्हणाल्या ‘लाभ’! स्पष्ट! आनंदाने ओरडणार होते.
मग आठवलं. आईचेही शब्द असेच जायचे, यायचे. हातातलं तिळाचं ताट खाली ठेवलं. “काय व्हयनं?” म्हणाल्या. “काही नाही,” म्हटलं, नि गूळ किसायला घेतला.

१७ जानेवारी
पुस्तिका लिहून झाली. नवनाथने उघडली पण नाही. “छापायची घाई नको, शोभा.” नि फोन घेऊन बाहेर गेला. त्यालाही कळलंय का आईचं?
उद्या वापीच्या डॉक्टरांकडे नेते त्यांना. गुडघ्याचं निमित्त सांगितलंय.

१८ जानेवारी
गेलोच नाही. चपला घालताना मला रडू फुटलं, सगळं बोलून गेले. सासूबाईंनी माझे डोळे पुसले.
“मन्हं डोकं ठिकानवर शे, पोरी. पाचबी दुकानं विकाई गयात. डिसेंबरमा मी सही करी दिन्ही. तुले सांगाले नवनाथ घाबरस. आते लोकेसना मालले लाभ कशी म्हनू?”