मी फक्त ‘हजर’ म्हणालो, ताई

राजधानी,
२३ एप्रिल १९६८

प्रिय विनीताई हिस,

तुला आणि ऑरिनदाजींना थॅडचा नमस्कार. आम्ही दोघं इकडे बरे आहोत. तुझ्या खांद्याचं दुखणं आता कसं आहे ते सविस्तर कळव. (मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की डॉक्टरांनी दिलेलं मलम खांद्यापेक्षा कोंबड्यांच्या खुराड्याच्या बिजागरीला जास्त लागू पडलं. असलं काही त्यांच्या कानावर जाऊ देऊ नकोस, फार हळवे आहेत ते.) दाजींची बोट रंगवून झाली असेल, कोंबड्या अंडी घालत असतील आणि टर्नस्टोन बेटावरची बाकी मंडळी एकमेकांशी निदान बोलत असतील अशी आशा आहे. ड्रुसिला तुला नमस्कार सांगते. ती समोर मोजे विणत बसली आहे आणि मी काय लिहितोय याच्याशी आपला काही संबंध नाही असं दाखवते आहे.

तुझं आभाराचं पत्र आणि खारवलेल्या हेरिंग माशांची बरणी, दोन्ही पोचलं. पत्र तीनदा वाचलं आणि बरणी एकदाच उघडली, कारण दुसऱ्यांदा उघडायला तीत काही उरलं नाही. पण ताई, तू लिहितेस की पुढच्या महिन्यात शाळेच्या अंगणात सगळ्या बेटाचं माशाच्या रश्श्याचं जेवण आहे, तिथे माझ्या नावाचं कापड टांगणार आहेत, आणि त्यावर ‘बेटाला न विसरलेला माणूस’ असं लिहिणार आहेत. ते वाचल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. (हेरिंग उतरली, पण ती त्या ओळीच्या आधी खाल्ली होती.) हे पत्र त्यासाठीच लिहितो आहे. शेवटपर्यंत वाच आणि मगच काय ते म्हण.

बोटीच्या विधेयकाबद्दल तुला मी नव्याने काय सांगणार? हिवाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा येणारी सरकारी बोट आठवड्यातून तीनदा यावी, एवढंच त्यात होतं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत एस्थर डायरचं बाळ दाजींच्या बोटीत, किनाऱ्यापासून चार मैलांवर, दाजींच्या ओल्या कोटावर जन्माला आलं, तेव्हापासून तुम्ही सगळे या विधेयकाच्या मागे होतात. ते दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. मग गव्हर्नरसाहेबांनी त्यावर व्हेटो वापरला. चाळीस घरांसाठी राज्याने थंडीत बोट हाकू नये, असं त्यांचं म्हणणं. व्हेटो मोडायचा तर दोन तृतीयांश मतं लागतात. सिनेटने आपल्या बाजूने तो मोडला आणि चेंडू आमच्या सभागृहाकडे आला. इथपर्यंत तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही, आणि ते मी सांगितलं नाही तर तुला कुणीच सांगणार नाही, कारण ते मला आणि आणखी एकाच माणसाला माहीत आहे.

तो माणूस म्हणजे मिस्टर वेंटवर्थ, गव्हर्नरसाहेबांचा सचिव. शेजारच्या राज्यातून आलेला तरुण वकील आहे. त्याच्या बुटांत पाहून भांग पाडता येतो. मतदानाच्या आठवडाभर आधी त्याने मला कॉफीला बोलावलं आणि माझ्या बंदराच्या कामाचं फार कौतुक केलं. (कॉफी अगदीच पाणचट होती, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.) मग तो म्हणाला, मत्स्य आयोगाचं अध्यक्षपद रिकामं होतंय, साहेबांच्या मनात तुमचं नाव आहे. ताई, मला ते पद किती वर्षं हवं आहे ते तुला ठाऊक आहे. आयोगाची स्वतःची बोट आहे आणि तिला पितळी घंटा आहे. मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला, “तुम्ही विरोधात मत द्या असं साहेब म्हणत नाहीत. फक्त बाजूने देऊ नका.” मी म्हणालो, देणार नाही.

आता नाताळात तुझ्या घरी, तुझाच पाय तोंडात असताना (सफरचंदाचा पाय, गैरसमज नको), मी तुला काय वचन दिलं होतं? की बोटीच्या विरोधात माझं मत कधी पडणार नाही. म्हणजे तुला वचन की विरोधात नाही, त्याला वचन की बाजूने नाही. दोन्ही वचनं पाळणारा माणूस उरतो तो तटस्थ. मला स्वतःच्या सचोटीने इतकं भरून आलं की घरी येताना मी ड्रुसिलासाठी फुलं घेतली. तिने ती पाण्यात ठेवली आणि विचारलं, “काय केलंत?”

पण मनातलं खरं गणित वेगळं होतं आणि तेच कबूल करायचं आहे. तुला आठवत असेल, विधानसभेत येण्याआधी चौदा वर्षं मी बंदर समितीवर होतो. आम्ही नऊ जण. मोठा ठराव असला की नऊपैकी सहा मतं लागायची, मग कुणी बोलो न बोलो. त्यामुळे जो गप्प बसायचा तो खरं तर विरोधकांचंच काम करायचा. शेवंडी पकडायचे पिंजरे मोजण्याचा ठराव मी एकदा खोकल्याची गोळी चघळत पाडला होता. नंतर ज्यांनी तो आणला होता त्यांच्याच घरी जेवायला गेलो आणि कुणाला माझा राग आला नाही. आमच्या सभागृहात साठ जण. साठांच्या दोन तृतीयांश म्हणजे चाळीस. बाजूची पक्की मतं अडतीस आणि काठावर माझ्यासकट दोघंच, हे सगळ्यांना पाठ होतं. मी गप्प बसलो की चाळीस होत नाहीत, बोट बुडते, आणि माझे हात कोरडे. वेंटवर्थच्या राज्यात नियम असाच आहे, निवडून आलेल्या सगळ्यांच्या दोन तृतीयांश, म्हणून त्यानेही मान डोलावली. आमच्या राज्याचं नियमांचं पुस्तक उघडून बघावं असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही. ते माझ्या टेबलाच्या खणात, चीजच्या बिस्किटांखाली होतं.

मतदान दुपारी दोनला होतं. प्रेक्षकांच्या सज्जात तुमचे अकरा जण बसले होते. दाजी लग्नातला सूट घालून आले होते आणि डांबराच्या गोळ्यांचा वास खाली माझ्या बाकापर्यंत येत होता. त्यांनी मला पाहून सँडविच हलवलं. एस्थर मांडीवर बाळ घेऊन बसली होती. मी वर बघणं बंद केलं.

आमच्याकडे चिटणीसबाई मिसेस ऑबिन एकेकाचं नाव पुकारतात आणि सदस्य ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतो. ज्याला दोन्ही म्हणायचं नसतं तो ‘हजर’ म्हणतो. (शाळेत सगळ्या वर्षांत मला खात्रीने येणारं हे एकच उत्तर होतं, तू साक्षीदार आहेस.) लाबे नावाच्या सदस्याचा जावई त्या बोटीवर कप्तान आहे, त्याने प्रामाणिकपणे ‘हजर’ सांगितलं. मग माझं नाव आलं. मी ‘हजर’ म्हणालो, पण असा की आवाज कॉलरच्या बाहेर गेला नसेल. माझ्यानंतर म्हाताऱ्या स्प्रेगला कानयंत्राने दगा दिला. हजेरी चालली आहे असं समजून तोही ‘हजर’ म्हणाला. मिसेस ऑबिननी बेरीज वाचली: हो अडतीस, नाही एकोणीस, हजर तीन. मी सुटकेचा श्वास घेतला आणि पेपरमिंट तोंडात टाकलं. तेवढ्यात सभापतींनी हातोडा आपटला आणि म्हणाले, “व्हेटो मोडला आहे.”

ताई, त्या क्षणी गप्प बसलो असतो तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती. मी उभा राहिलो. सगळ्या सभागृहासमोर, पेपरमिंटसकट, म्हणालो, “बाई, साठांच्या दोन तृतीयांश चाळीस होतात.”

मिसेस ऑबिननी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं त्या खुर्चीत बसलेली बाई आहे ती. म्हणाल्या, “साठांच्या होतात, मिस्टर पिंकहॅम. पण आपल्याकडे जे मत देतात त्यांचेच दोन तृतीयांश धरतात. तुम्ही मत दिलेलं नाही. तुम्ही नुसते हजर आहात.”

मी म्हणालो, मग माझं काय झालं?

“काहीच झालं नाही,” त्या म्हणाल्या, “एका ‘नाही’मागे दोन ‘हो’ लागतात. एकोणीस ‘नाही’, अडतीस ‘हो’. बरोबर दुप्पट. तुम्ही ‘नाही’ म्हणाला असतात तर वीस झाले असते, मग चाळीस लागले असते आणि ठराव पडला असता. तुम्ही म्हणाला नाहीत म्हणून बोट चालणार.”

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. आणि मग सभापतींनी नियमाप्रमाणे विचारलं, की पुढचं काम सुरू होईपर्यंत सदस्याला आपलं मत बदलता येतं, मिस्टर पिंकहॅम यांना बदलायचं आहे का? दारात वेंटवर्थ उभा होता. त्याने ओठांनी ‘नाही’ हा शब्द इतका स्पष्ट काढला की तो मला बाकावरून वाचता आला. म्हणजे ‘बदलू नका’ नव्हे, ‘नाही’ म्हणा. मी वर पाहिलं. दाजींना खाली काय चाललंय यातलं काही समजलेलं नव्हतं. मी बेटाच्या बाजूने भाषण करायला उठलो आहे असं वाटून ते टोपी काढून उभे राहिले. ते उठले म्हणून बाकीचे दहा उठले. एस्थर बाळाला घेऊन उठली.

मी पुन्हा ‘हजर’ म्हणालो आणि बसलो. आता लोक काहीही म्हणोत, तुला खरं सांगतो, त्यात शौर्य नव्हतं. एवढी माणसं आपल्याकडे बघत उभी असली की माझे पाय लटपटतात, ते लटपटले, आणि बसलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणायला पुन्हा उठावं लागतं. ड्रुसिला त्या वेळी लोकर आणायला बाहेर गेली होती हे त्यातल्या त्यात बरं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राने माझ्या मौनाला ‘मुरलेल्या माणसाचा डाव’ म्हटलं. ज्या लोकांनी मला कधी दार उघडून धरलं नव्हतं ते माझ्या पाठीवर थाप मारू लागले. तिकडे आपल्या बंदराच्या गावात मात्र वातावरण निराळं आहे. त्यांना वाटतं मी त्यांच्या करातून बहिणीला बोट घेऊन दिली. न्हाव्याने माझे केस एका बाजूने जास्त कापले आणि आरसा दाखवला नाही. आयोगाचं अध्यक्षपद एका अशा गृहस्थांना गेलं ज्यांना धक्क्यावर उभं राहिलं तरी मळमळतं. माझी तक्रार नाही. तक्रार करायला मला तोंड कुठे आहे? मी तुझी बोट एका पितळी घंटेसाठी बुडवायला निघालो होतो आणि मला हिशेब येत नाही म्हणून ती वाचली. कापडावर लिहायचंच असेल तर हे लिहा. नाहीतर कापड टांगू नका.

तुला रागवायचा हक्क आहे. लहानपणी रागवायचीस तशी रागाव, म्हणजे एकदाच आणि मग जेवायला वाढ.

तुझा धाकटा भाऊ,
थॅडियस

ता. क. कापड आधीच रंगवून झालं असेल तर ते फुकट घालवा असं माझं म्हणणं नाही. फक्त आपल्या आडनावात एकच ‘ह’ आहे एवढं बघ. दाजी दोन घालतात.

ता. क. २. नोव्हेंबरमध्ये निवडणूक आहे. गावातली मतं यंदा मला मिळतील असं न्हाव्याच्या कात्रीवरून वाटत नाही. बेटावर एक्क्याण्णव मतदार आहेत आणि गेल्या खेपेला त्यातले जेमतेम चाळीस घराबाहेर पडले. तू दारोदार जाऊन सगळ्यांना शाळेत आणशील का? घरी बसून मनातल्या मनात पाठिंबा दिला तर तो कुणी मोजत नाही, हे तू माझ्यापेक्षा चांगलं समजावून सांगशील. आणि वरचं सगळं त्यांना वाचून दाखवायचंच असेल तर डिसेंबरात दाखव. मी काही लपवतो आहे असं नाही, पण डिसेंबरात लोकांना वेळ असतो.

ता. क. ३. वन्सं, मी ड्रुसिला. पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. लोकर आदल्या दिवशीच आणली होती, मी सज्जाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. यांचे पाय लटपटले नाहीत. चांगले मिनिटभर उभे होते, आणि वेंटवर्थने खिशातून नेमणुकीचं पत्र अर्धं बाहेर काढून दाखवलं तेही यांनी पाहिलं. मग ‘हजर’ असं म्हणाले की म्हाताऱ्या स्प्रेगनेसुद्धा वळून पाहिलं. हे ते तुम्हाला का सांगत नाहीत ते मला कळत नाही, आणि मी विचारणारही नाही. कापड टांगा. माझं मत त्यांनाच आहे, पण नोव्हेंबरपर्यंत त्यांना हे कळू देऊ नका. धाकधूक असली की भांडी घासतात.