साहेब लोक घेत नाहीत, अक्वायर करतात

३, सोमवार
आजपासून रोज एक इंग्लिश शब्द पाठ. गावापासून इतक्या लांब गोडाउनात खोकी उचलायला आलो असलो तरी डोकं खोक्यात ठेवायचं नाही. आजचा शब्द अक्वायर. मीटिंगमध्ये पाण्याच्या बाटल्या मांडताना अकरा वेळा ऐकला. साहेब लोक काही घेत नाहीत, मिळवत नाहीत. अक्वायर करतात. कंपनी अक्वायर, गिऱ्हाईक अक्वायर, टॅलेंट अक्वायर. टॅलेंट म्हणताना साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बाटली हवी होती, पण पाहिलं.

४, मंगळवार
पक्की बातमी. आपण पलीकडची मोठी कंपनी अक्वायर करतोय. त्याशिवाय साहेब एवढे खूश असते का? माणसं वाढणार, म्हणजे सुपरवायझर लागणार. आईला फोन करून सांगितलं, मुलीकडच्यांना कळव, सुपरवायझर होतोय. आई म्हणाली, झालास की होतोयस? तिला बिझनेस कळत नाही.

६, गुरुवार
शब्द वापरल्याशिवाय मुरत नाही. कँटीनमध्ये दुसरा चहा अक्वायर केला. मावशी म्हणाल्या, बाळा, ह्याला ढापणं म्हणतात, कप ठेव खाली.
नवा शब्द घेतला नाही. हाच अजून पुरतोय.

१०, सोमवार
पलीकडची माणसं आली. जे अक्वायर होणार त्याला हिरवा स्टिकर. लावायचं काम माझ्याकडे. जबाबदारी आपोआप चालत येते. फोर्कलिफ्टवाले काका म्हणाले, लेका, आपण त्यांना घेतोय तर स्टिकर आपल्या सामानाला का? समजावलं, आधी आपलं, मग त्यांचं. काका म्हणाले, बरं बाबा, तू शहाणा.

१२, बुधवार
शिडी, वजनकाटा, तीन ट्रॉल्या, चहाची किटली, सगळ्यांना हिरवा. माणसांना स्टिकर नाही, अक्वायर होणाऱ्यांची यादी फळ्यावर लागली. मावशी आहेत. काका आहेत. मी नाही. सुपरवायझरांची यादी वेगळी निघत असणार.

१४, शुक्रवार, संध्याकाळी सहा
वेगळी यादी नाही. एक स्टिकर उरला होता. शर्टावर चिकटवून साहेबांच्या केबिनमध्ये उभा राहिलो. साहेबांनी तो अलगद सोडवला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीला लावला. म्हणाले, बरं झालं आणलास, ही राहूनच गेली होती.
बाहेर आलो तर आईचा फोन. मुलीकडचे रविवारी घरी येतायत. झालास ना रे, विचारत होती.
म्हटलं, होतोय.